टँकर कुणी पाठवला, आणि विहीर कुणी आटवली?

गेल्या रविवारी सकाळी आईने घरच्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज टाकला. 'खाणी बंद पाडून गोव्याला भिकेला लावणाऱ्यांनो, हेही वाचा' अशी सुरुवात आणि खाली पाच मुद्दे. खाणमालकांनी स्वतःच्या हिमतीवर संपत्ती उभी केली. त्यांनी गोव्याला पोसलं. नफ्याचे दोन टक्के समाजाला दिले. उघड्या डोंगरांवर झाडं लावली. गावोगाव फुकट टँकर पाठवून लोकांची तहान भागवली. आणि मूठभर पर्यावरणवाद्यांनी कोर्टात जाऊन हे सगळं मोडलं.

एरवी असले मेसेज मी वाचतही नाही. पण हा आईकडून आला. तिचं माहेर डिचोली तालुक्यात, खाणीपासून दीडेक किलोमीटरवर. हा मेसेज तिला खरा वाटावा, याचाच मला जास्त त्रास झाला. म्हणून शेवटच्या मुद्द्यापासून, टँकरपासून सुरुवात करतो.

मामाच्या परसात चिऱ्यांनी बांधलेली विहीर आहे. माझ्या लहानपणी भर मे महिन्यातही कळशीला अर्धी दोरी पुरायची. खाणीचा खंदक खोल होत गेला तशी दोरीला दोरी जोडावी लागली. 2009 च्या उन्हाळ्यात मामेभाऊ विहिरीत उतरून करवंटीने पाणी बादलीत भरत होता आणि मी वरून बादली ओढत होतो. त्याच वर्षी कंपनीचा टँकर सुरू झाला. दिवसाआड यायचा, तोही दुपारच्या उन्हात. दारात पिंपं रांगेने मांडलेली. पाण्याला डिझेलचा वास यायचा. आजीने त्या पाण्याने देव कधी धुतले नाहीत, त्यासाठी ती पलीकडच्या वाड्यावरून एक तांब्या आणवायची.

विहीर आटली कशी, ते सांगतो. गोव्यातलं लोहखनिज बरंचसं भुसभुशीत आहे आणि जमिनीखालचं पाणी त्याच थरात साठतं. खंदक भूजलाच्या पातळीखाली गेला की पाणी आत उतरतं. ते उपसल्याशिवाय खनिज काढता येत नाही, म्हणून पंप रात्रंदिवस चालतात आणि ते पाणी नाल्यात सोडून दिलं जातं. आजूबाजूच्या विहिरी खाली जाणारच. डिचोली तालुक्यातल्याच शिरगावच्या आटलेल्या विहिरींची तक्रार उच्च न्यायालयापर्यंत गेली होती, ती यातूनच.

2012 मध्ये खाणी थांबल्या. मामाने विहीर खोल केली नाही, गाळही काढला नाही. पंप तेवढे थांबले होते. तिसऱ्या उन्हाळ्यात कळशी पुन्हा अर्ध्या दोरीवर बुडू लागली. आईने हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. गावाचं पाणी उपसून नाल्यात घालायचं आणि त्यातलंच थोडं टाकीत भरून परत द्यायचं, याला 'तहान भागवली' म्हणायचं? हा शब्द मला सहन होत नाही.

आता 'स्वतःच्या हिमतीवर उभी केलेली संपत्ती'. खनिज खाणमालकांचं कधी नव्हतंच. पोर्तुगीज अमदानीत दिलेल्या खाणकामाच्या परवानग्या, म्हणजे 'सवलती', 1987 च्या कायद्याने रद्द झाल्या आणि त्यांचे भाडेपट्टे झाले. सर्वोच्च न्यायालयाने 21 एप्रिल 2014 च्या निकालात सांगितलं की या पट्ट्यांची मुदत 22 नोव्हेंबर 2007 लाच संपली होती. म्हणजे त्यानंतर 2012 पर्यंत जे खणलं, ते पट्ट्याशिवाय. चीनची मागणी तेजीत होती, गोव्यातून वर्षाला 4 कोटी टनांच्या वर खनिज जात होतं, नेमकी तीच ही वर्षं. बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाने नुकसान 35 हजार कोटींच्या घरात धरलं. त्या आकड्यावर वाद आहेत, मी तो धरून बसत नाही. न्यायालयाचा निकाल मला पुरेसा आहे.

पुढचं तर आणखी वाईट. त्या निकालानंतर राज्य सरकारने 88 पट्ट्यांचं नूतनीकरण केलं, त्यातल्या 31 पट्ट्यांचं एकाच दिवशी, 12 जानेवारी 2015 ला. खाणपट्ट्यांचा लिलाव सक्तीचा करणारा केंद्राचा वटहुकूम निघाला तो दिवसही तोच. 7 फेब्रुवारी 2018 ला सर्वोच्च न्यायालयाने ही सगळी नूतनीकरणं रद्द केली. पट्टेधारकांना कसंही करून नफा हवा आहे, त्यासाठी कायदा बाजूला ठेवावा लागला तरी त्यांना चालतं, अशा अर्थाचं त्या निकालपत्राच्या सुरुवातीलाच लिहिलंय. मूठभर पर्यावरणवाद्यांवर राग काढणाऱ्यांनी निदान पहिलं पान वाचावं.

आता 'गोव्याला पोसलं' याचाही हिशोब पाहू. ऑगस्ट 2009 पर्यंत राज्याला टनामागे मिळणारी रॉयल्टी 30 रुपयांच्याही आत होती. 2008 मध्ये चीनच्या बाजारात लोहखनिज टनाला 100 डॉलरच्या वर गेलं होतं. पुढे लिलाव झाले, तेव्हा डिसेंबर 2022 मध्ये डिचोलीच्या ब्लॉकसाठी सरकारी सरासरी विक्री किमतीच्या 60 टक्क्यांहून जास्त रक्कम राज्याला द्यायची बोली लागली. आज एवढं देणं परवडतं, मग तेजीच्या त्या वर्षांत फरकाची रक्कम कुणाच्या खिशात गेली?

दोन टक्क्यांचं तर मेसेज लिहिणाऱ्याने तारीखही पाहिलेली नाही. कंपन्यांना हा खर्च बंधनकारक करणारी तरतूद 1 एप्रिल 2014 पासून लागू झाली. तेव्हा गोव्यातल्या खाणी बंद होत्या. शिवाय दुसऱ्या कायद्याने जे करणं भागच आहे, ते या खर्चात धरता येत नाही, असं आता नियमच सांगतात. झाडं लावली, हे खरं. पण डंपवर, म्हणजे खाणीतून काढून टाकलेल्या मातीच्या ढिगांवर, बहुतेक ठिकाणी ऑस्ट्रेलियन अकेशिया आहे. एक टन खनिजामागे अडीच-तीन टन माती निघते आणि पावसात ती खालच्या शेतात उतरते. मामाचा एक कुणगा, भातशेतीचा तुकडा, अजून लाल गाळाखाली आहे.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. खाणी थांबल्या तेव्हा सगळ्यात आधी मेला तो ट्रकवाला. माझ्या मावसभावाने कर्ज काढून दोन ट्रक घेतले होते. हप्ते थकले, एक ट्रक बँकेने नेला. आईचं मन त्याच्यासाठी तुटतं आणि हा मेसेज तिला पटला तो त्याच्यामुळेच. बंदी आणताना या लोकांचा विचार फार उशिरा झाला, हे मी कबूल करतो. पण संपलेल्या पट्ट्यावर खाण चालते आहे, हे त्याला ट्रक घ्यायला सांगणाऱ्यांनी कधी सांगितलं नाही.

2024 मध्ये डिचोलीत उत्खनन पुन्हा सुरू झालं. तेव्हापासून मामा दर पंधरवड्याला गाठी मारलेली दोरी विहिरीत सोडतो आणि पाणी किती गाठींवर लागलं ते कालनिर्णयवर त्या तारखेच्या चौकटीत लिहून ठेवतो. त्या पानांचे फोटो मी काल ग्रुपवर टाकले, आईच्या मेसेजच्या खालीच.