बुटाच्या टोकाचा दोष

एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगमधला वॉरियर्स संघ सोडून केव्हिन ड्युरंटने स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला, हे तुमच्या लेखातलं म्हणणं काही पटलं नाही. २०१६ साली तो तिथे गेला तेव्हा याच टीकाकार मंडळींची ओरड होती की आदल्या हंगामात ७३ सामने जिंकलेल्या संघात आयता जाऊन बसला. २०१७ आणि २०१८ला विजेतेपद मिळालं, दोन्ही वेळा अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू तोच, तरी ते घर तिथला जुना तारा स्टीफन करी याचंच राहिलं! मग २०१९मध्ये ब्रुकलिन संघाकडे निघाला तर जिंकता संघ सोडला म्हणून पुन्हा बोंब. करावं तरी काय त्याने?

२०२१चा मिलवॉकीविरुद्धचा बाद फेरीतला निर्णायक सातवा सामना आठवा. शेवटच्या सेकंदाला ड्युरंटने बास्केट केली, पण बुटाचं टोक तीन गुणांच्या रेषेवर होतं म्हणून तीनऐवजी दोनच गुण. बरोबरी झाली आणि जादा वेळेत ब्रुकलिन हरलं. (मी तेव्हा टीव्हीसमोर अक्षरशः उभा होतो.) तो बूट एक नंबर लहान असता तर लेखाचा सूर हाच असता का?

हां, सहकारी खेळाडू कायरी अर्व्हिंगच्या भरवशावर ब्रुकलिन गाठलं, तिथे मात्र गणित साफ चुकलं. आणि २०२२ला करीने वॉरियर्ससाठी ड्युरंटशिवाय करंडक उचलला, ते त्याला झोंबलंच असणार.