रोबो मॉवरची पाती ‘लावा आणि विसरा’ प्रकारातली नाहीत

मुंबईतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोबो मॉवरबद्दलचा, म्हणजे आपोआप फिरून गवत कापणाऱ्या मशीनबद्दलचा, एक मेसेज पुन्हा पुन्हा फॉरवर्ड होतो. त्याचा सारांश असा: पाती स्टीलची आहेत, वर्षभर टिकतात, धार गेली तर कानशीने घासा, पाती सैल हलत असतील तर ती हलणार नाहीत इतका स्क्रू आवळा, मशीन वॉटरप्रूफ आहे, खालून प्रेशर वॉशरने धुवा, एवढं करूनही गवत कापलं जात नसेल तर मोटर गेली, बदलून टाका. यातला एकही सल्ला पाळू नका. एकामुळे तर माणसाला इजा होऊ शकते, म्हणून आधी तोच घेऊ.

पाती सैल असतात ती मुद्दाम. मशीनच्या तळाशी फिरणाऱ्या चकतीवर, म्हणजे डिस्कवर, सहसा तीन छोटी पाती असतात आणि प्रत्येक पातं एकाच स्क्रूवर टांगलेलं असतं. (काही मॉडेलांत एकच जाड, पक्कं पातं असतं; त्यांचं गणित वेगळं.) बहुतेक मॉडेलांत डिस्क मिनिटाला दोन हजारांहून जास्त फेरे घेते आणि त्या वेगानेच पाती बाहेर ताणली जातात. वाटेत खडी, करवंटीचा तुकडा किंवा देशी बदामाची बी आली की पातं मागे वळतं आणि धक्का जिरतो. पातं जाम करून ठेवलंत तर तोच धक्का पातं वाकवतो, तोडतो किंवा थेट मोटरच्या बेअरिंगपर्यंत पोचतो.

मग स्क्रू ढिला ठेवायचा का? अजिबात नाही. मूळ स्क्रूच्या डोक्याखाली एक गुळगुळीत खांदा असतो आणि पातं त्या खांद्याभोवती फिरतं. स्क्रू पूर्ण घट्ट आणि पातं तरीही मोकळं, हीच बरोबर स्थिती. स्क्रू घट्ट करताच पातं अडकत असेल तर भोकात माती तरी बसली आहे, नाहीतर हार्डवेअरच्या दुकानातला बिनखांद्याचा स्क्रू लावला आहे. असा स्क्रू आजच काढा. पाती बदलताना स्क्रूही नवेच घ्या, कारण माती आणि वाळू त्यांची डोकी सतत घासत असते. झिजलेल्या डोक्यावरून पातं निसटलं तर ते कुठल्या दिशेने उडेल सांगता येत नाही. वरळी, वांद्र्यासारख्या समुद्रालगतच्या भागात खाऱ्या हवेने स्क्रू गंजतातही, म्हणून तिथे ते जास्त वेळा तपासा. आवळताना हातातला स्क्रूड्रायव्हर वापरा. इलेक्ट्रिक ड्रिलने आटे मरतात.

वर्षभर टिकतात म्हणावं, तर ही पाती एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असतात, दाढीच्या ब्लेडच्या जातीची. त्यांचं आयुष्य आठवड्यांत मोजायचं: साधारण चार ते आठ. पावसाळ्यात गवत झपाट्याने वाढतं आणि ओल्या मातीचे कण गवताच्या पात्यांना चिकटतात, तेव्हा चारच धरा. डिस्क एकाच दिशेने फिरत असेल तर दुधारी पातं उलटवून दुसरी बाजू वापरता येते. आलटून पालटून दोन्ही दिशांना फिरणाऱ्या मॉडेलांत दोन्ही धारा एकदमच झिजतात, तिथे उलटवून फायदा नाही. बोथट पात्याची खूण गवतावरच दिसते: दुसऱ्या दिवशी टोकं पांढुरकी, फाटलेली. माळीकाका त्याला पाणी कमी पडलं म्हणतील, पण आधी पात्याची धार उजेडात धरून पाहा. बोथट धारेवर चमकणारी रेघ दिसते.

कानशीबद्दल थोडक्यात: तिन्ही पाती सारखी घासली जात नाहीत, वजनात फरक पडतो आणि डिस्क थरथरते. त्याच कारणाने एकच पातं तुटलं तरी तिन्ही बदला.

प्रेशर वॉशरचा सल्ला मशीनचं सर्वांत महागडं नुकसान करतो. ‘वॉटरप्रूफ’ या शब्दावर जाऊ नका, लेबलवरचा ‘आयपीएक्स’ आकडा वाचा; पाण्यापासून किती संरक्षण आहे ते तो सांगतो. आयपीएक्स४ म्हणजे फक्त शिंतोड्यांपासून संरक्षण. अशा मशीनला ब्रश आणि ओलसर फडकंच. आयपीएक्स५ची चाचणी मिनिटाला 12.5 लिटर पाण्याच्या, कमी दाबाच्या फवाऱ्याने होते. बागेचा पाइप त्यात बसतो, तोही मॅन्युअलमध्ये परवानगी असेल तरच. घरगुती प्रेशर वॉशरचा दाब 100 बारच्या घरात असतो. तो सीलच्या आत पाणी आणि माती दोन्ही ढकलतो, आणि बेअरिंगची घरघर काही आठवड्यांनी सुरू होते, तोवर धुण्याची आठवणही राहत नाही.

आता मोटर. नवी मागवण्याआधी हे करा. मशीन ॲपवरून नव्हे, मुख्य स्विचने बंद करा. जाड हातमोजे घाला आणि मशीन मऊ चादरीवर उलटं ठेवा. डिस्क हाताने फिरवा. ती न घासता सहज फिरली पाहिजे. डिस्कखाली स्किड प्लेट, म्हणजे संरक्षक थाळी, असेल तर ती बहुतेक मॉडेलांत डिस्कपासून स्वतंत्र फिरते. दोन्ही एकत्रच फिरत असतील तर मधे गवत दाबून बसलं आहे. हरळीच्या लांब काड्या दांड्याभोवती गुंडाळतात, त्यावर चिखल सुकतो, मोटरवर ताण येतो आणि बॅटरी लवकर उतरते. लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने हे खरवडून काढा.

डिस्क मोकळी आहे, पण गवतात शिरताच थांबते? मग गवत फार वाढलं आहे. सांताक्रूझला एकट्या जुलैत सरासरी 800 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. झडीत मशीन चार-पाच दिवस उभं राहिलं आणि नंतर कापण्याच्या जुन्याच 30 मिलिमीटर उंचीवर सोडलं की ते अडकणारच. गवत 10 सेंटिमीटरवर गेलं असेल तर आधी साध्या मशीनने कापून घ्या. मग रोबो मॉवरची उंची सर्वांत वर, बहुधा 60 मिलिमीटरवर, ठेवा आणि दोन-तीन दिवसांनी पाच-पाच मिलिमीटर खाली आणा. पाऊस उघडून गवत सुकलं की मगच चालवा, ओलं गवत डिस्कखाली लगद्यासारखं साचतं.

साफ करूनही डिस्क हाताला जड लागत असेल किंवा घरघरत असेल, तेव्हा बेअरिंग किंवा मोटरचा संशय घ्या. तिथेही आधी डिस्क वाकली आहे का ते बघा: कडेजवळ पेन्सिल स्थिर धरून डिस्क हळूहळू फिरवा. मधलं अंतर कमी-जास्त होत असेल तर डिस्क वाकली आहे. मेकॅनिकला मोटर उघडायला सांगण्याआधी डिस्क बदलून घ्या.