तक्रार मिटली की नाही, हे तक्रारदारानं सांगायचं

आमच्या गल्लीच्या तोंडाशी गटारीवरचा ढापा एप्रिलअखेर फुटला. वाळूचं डंपर गेलं आणि मधोमध पाय जाईल एवढं भगदाड पडलं. त्याच संध्याकाळी मी फोटो काढून पालिकेच्या तक्रारीच्या ॲपवर टाकला, खुणेला पिठाच्या गिरणीचा पत्ता लिहिला. सहाव्या दिवशी मेसेज आला : आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. तसाच उठून बघायला गेलो. भगदाड जसंच्या तसं. त्यात कुणी बाभळीची फांदी रोवून लाल चिंधी बांधली होती, तीही गल्लीतल्याच माणसानं.

पुढच्या आठवड्यात समोरच्या मावशी पहाटे दूध आणायला निघाल्या. खांबावरचा दिवाही बंद. पाय आत गेला, मनगट मोडलं. मावशी दर उन्हाळ्यात बिबड्या-कुरडया करून विकतात, त्यावर त्यांचं पावसाळ्याचं किराणा सामान भरतं. खान्देशातलं ऊन ४४-४५ अंशांवर गेलेलं, गच्च्या वाळवणानं भरलेल्या आणि मावशी प्लास्टर घालून ओट्यावर बसलेल्या. हे मला अजून विसरता येत नाही.

ढापा फुटतो, दिवा जातो, पाइप गळतो, हे समजू शकतो. पण न केलेलं काम झालं असं लिहिणं ही वेगळी गोष्ट आहे. ‘निकाली’ लिहिलं की ती तक्रार यादीतून जाते आणि पुढचा साहेब बघतो तेव्हा त्याच्यासमोर त्या गल्लीत काही अडचणच नसते. म्हणून माझी मागणी एकच : तक्रारदारानं ‘हो, काम झालं’ म्हटल्याशिवाय तक्रार बंद होता कामा नये. सोबत दुरुस्तीचा फोटो लागलाच पाहिजे.

आमच्या मुकादमावर माझा राग नाही. भर उन्हात गटारी उपसणारी माणसं मोजकीच आहेत, आणि सिमेंटचा ढापा टाकणं त्यांच्या हातात नाही, ते बांधकाम विभागाचं काम. पण एका विभागानं दुसऱ्याकडे कागद पाठवला म्हणजे खड्डा बुजला असं होत नाही ना!

मग मी कागदाकडे वळलो. अर्जाच्या दोन प्रती केल्या, एक पालिकेच्या बारनिशीत, म्हणजे कागद आवक करून घेतात त्या टेबलावर, दिली, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतला. सह्या गोळा करायला घरोघर गेलो तेव्हा खरी अडचण कळली. “कशाला नाव पुढे करायचं?” “नगरसेवक आपल्या ओळखीचा आहे, त्याला वाईट वाटेल.” एक आजोबा म्हणाले, “आपलं कोन आयकस, भाऊ?” तक्रार म्हणजे भांडण, असं आपल्या डोक्यात बसलंय. घरपट्टी भरणाऱ्या माणसानं गटार फुटली एवढं कळवलं, तर त्यात भांडण कसलं? शेवटी अकरा सह्या झाल्या. मावशींनी डाव्या हाताचा अंगठा दिला.

त्याबरोबर माहितीच्या अधिकाराचा अर्जही केला. २००५ चा कायदा आहे, १० रुपये फी, ३० दिवसांत उत्तर. विचारलं एवढंच : माझी तक्रार कोणत्या पाहणीच्या आधारे बंद केली, त्या अहवालाची प्रत द्या. अहवाल नव्हताच. उत्तर आलं त्याच आठवड्यात नवा ढापा बसला.

मुंबई उच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये, जखमींना ५० हजारांपासून अडीच लाखांपर्यंत भरपाई द्यायला सांगितलं. माणूस पडल्यावर त्याची किंमत ठरते, याचं समाधान आहेच. पण मावशी पडण्याआधी निदान आठवडाभर तो फोटो पालिकेकडे होता.

राज्यात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. त्यात अधिसूचित, म्हणजे सरकारनं जाहीर केलेल्या यादीतली, सेवा मुदतीत दिली नाही, तर अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड होऊ शकतो. दाखल्यासाठी जी मुदत आणि जो धाक आहे, तोच प्रत्येक गल्लीतल्या फुटक्या ढाप्यापर्यंत पोहोचला पाहिजे.

मावशींचं प्लास्टर निघालंय, मूठ अजून नीट वळत नाही. गिरणीसमोरच्या खांबावरचा दिवा मात्र अजून बंदच आहे. खांबाचा नंबर उतरवून घेतलाय, अर्ज तयार आहे. सोमवारी ११ वाजता बारनिशीत जाणार आहे. गल्लीतल्या ज्यांना सही करायची असेल त्यांनी रविवारी संध्याकाळी आमच्या ओट्यावर या.