टनामागे दहा, मग तिकिटामागे?

गेल्या महिन्यातली आमची गाण्याची बैठक. बागेश्रीची द्रुत बंदिश नुकती धरली होती आणि जिन्यात बुटांचा आवाज आला. हवालदार होते. दारातल्या चपलांच्या ढिगाकडे त्यांनी एकदा पाहिलं, मग आत नजर फिरवली आणि हळूच विचारलं, "स्पीकर कुठंय?"

स्पीकर नव्हताच. साठ-पासष्ट माणसं, सतरंजी, दोन तानपुरे. माइक लागतोच कशाला? शेजारच्या नव्या बिल्डिंगमधून कंट्रोलला फोन गेला होता. घड्याळात नऊ वीस. हवालदार भले होते, "जरा बघून घ्या" म्हणाले आणि गेले. पण तबलजींनी जो हात आखडला तो आखडलाच. मैफल पुन्हा वर आली नाही.

शेजाऱ्यांचा मला फार राग नाही. कर्ज काढून घर घेतलंय, पोरांच्या परीक्षा असतात. पण आमचा हॉल तिथे तीसेक वर्षं आहे आणि बिल्डिंगला दोन वर्षंही झालेली नाहीत. परवानगी देताना शेजारी गाण्याची जागा आहे, खिडक्या त्या हिशोबाने बसव, असं बिल्डरला कुणी सांगितलं असेल? इंग्लंडच्या नियोजन धोरणात हे २०१८ पासून लिहिलेलं आहे: जो नंतर आला त्याने आवाजाचा बंदोबस्त करायचा, आधीपासून वाजवणाऱ्याने नाही.

दहाच्या नियमाबद्दल आपल्याकडे एक गैरसमज पक्का बसलाय. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे. रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद, हे सगळ्यांना पाठ. पण बंदिस्त सभागृहात, आतल्या आत ऐकण्यापुरता तो चालतो, हे त्याच नियमात आहे. सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस बारापर्यंत सवलत देऊ शकतं, ती उघड्यावरच्या कार्यक्रमांच्या कामाची. म्हणून पुण्याच्या 'सवाई' महोत्सवाच्या मांडवात, जिथे कधीकाळी पहाटेपर्यंत गाणं चालायचं, तिथे आता घड्याळाकडे बघत भैरवी घ्यावी लागते. मालकंस, दरबारी, अडाणा हे रात्री उशिराचे राग, ते त्यांच्या वेळेला गाता येतील अशी कायदेशीर जागा उरली ती दारं लावलेली खोली. म्हणजे आमच्यासारखे पहिल्या मजल्यावरचे हॉल!

अर्थात भिंतीबाहेर आवाज किती जावा याला मर्यादा आहेच. निवासी भागात रात्री ४५ डेसिबल. जुन्या लाकडी खिडक्यांतून तबला रस्त्यापर्यंत जातो, हे मी स्वतः खाली उभं राहून ऐकलंय. खिडक्या दुहेरी काचेच्या करायच्या, दाराला रबर लावायचं, तर पैसे कुठून आणायचे? बर्लिनने २०१८ मध्ये नेमका यासाठीच दहा लाख युरोंचा निधी काढला. क्लबांच्या आवाजाचा त्रास शेजाऱ्यांना होऊ नये म्हणून सरकारी खर्चाने भिंती सुधारायच्या. भांडण पोलिसात नेण्यापेक्षा हे स्वस्त पडतं.

आमचा हिशोबही मांडतो, म्हणजे रडगाणं वाटणार नाही. तिकीट २५० रुपये, माणसं ६२, जमा १५,५००. गायिका ८,०००, तबला ४,०००, पेटी ३,०००, हॉल ४,०००, चहा ९००. तूट ४,४००. ती आम्ही चौघं मित्र वाटून घेतो. आणि या बिदाग्या काही अभिमानाने सांगाव्यात अशा नाहीत.

जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्ले या ब्रिटिश बँडने नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर तीन रात्री कार्यक्रम केले. माझा भाचा गेला होता, खूश होऊन आला. त्याच वर्षी इंग्लंडमधल्या वेम्बली आणि हल इथल्या कार्यक्रमांत याच बँडने स्वतःच्या कमाईतले १० टक्के तिथल्या छोट्या जागांसाठी काम करणाऱ्या म्युझिक व्हेन्यू ट्रस्टला द्यायचं ठरवलं. या ट्रस्टच्या आकड्यांनुसार ब्रिटनमध्ये एकट्या २०२३ मध्ये अशा १२५ जागा गेल्या. मग २०२४ मध्ये खासदारांच्या समितीने सुचवलं की मोठ्या स्टेडियमच्या प्रत्येक तिकिटामागे काही रक्कम छोट्या जागांसाठी वळती करा. रक्कम साधारण एक पाउंड धरली जाते. मामला ऐच्छिक आहे, त्यामुळे सगळे देत नाहीत. फ्रान्सने मर्जीवर सोडलंच नाही. तिथे पॉप, रॉक, जॅझच्या तिकीटविक्रीतून ३.५ टक्के कर थेट राष्ट्रीय संगीत केंद्राकडे जातो आणि तिथून पुन्हा संगीतात येतो.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. साखर कारखाने उसाच्या टनामागे दहा रुपये ऊसतोड कामगारांच्या महामंडळाला देतात. ही कल्पना आपल्या हाडीमाशी आहे. मग मोठ्या तिकिटामागे दहा रुपये का नकोत? पाचशेपर्यंतच्या तिकिटाला जीएसटी माफ आहे, त्याहून महागाला १८ टक्के. म्हणजे लहान कार्यक्रम कुठला आणि मोठा कुठला, हे सरकारने आधीच ठरवून ठेवलंय. पन्नास हजार माणसं जमली तर एका रात्रीत पाच लाख. आमच्यासारखी महिन्याला एक बैठक करणाऱ्या नऊ जागांची वर्षभराची तूट भरून वर काही उरेल.

फक्त हे पैसे कुठल्या सरकारी खात्यात जमा होऊ नयेत. त्यातून महोत्सव निघेल, फ्लेक्सवर सहा फोटो येतील आणि गाणारा सातवा असेल. आयोजक, कलाकार आणि जागा चालवणारे यांनी मिळून वाटावेत, हिशोब दरवर्षी छापावा. आणि आग विझवण्याच्या सोयीला पहिला पैसा. डिसेंबर २०१७ ची कमला मिल आठवते ना? चौदा माणसं गेली. छोटी जागा म्हणून त्यात सूट मागणाऱ्यांच्या बाजूने मी नाही.

आणखी एक. युरोपात लाइव्हयुरोप नावाचं जाळं २०१४ पासून आहे. दुसऱ्या देशातल्या नव्या कलाकाराला बोलावलं की त्या सभागृहाला युरोपीय संघाच्या मदतीतून पैसे मिळतात. म्हणजे अनोळखी नाव लावण्याची जोखीम एकट्या मालकावर पडत नाही. आपण परदेशाच्या गोष्टी नंतर करू, आधी धारवाड, बेळगाव, मिरज, पुणे एवढं तर जोडू. रेल्वे तीच आहे, अब्दुल करीम खाँसाहेबांचं मिरजही वाटेवरच आहे. धारवाडची पोरगी पुण्याला एका बैठकीसाठी येते, भाड्यात अर्धी बिदागी जाते. वाटेत दोन ठिकाणी गायली तर? बेळगाव आणि मिरजेत हॉल चालवणारं कुणी हे वाचत असेल तर इनबॉक्समध्ये या. तारखा जुळवू.

पुढची बैठक शनिवारी. या वेळी मुद्दाम रात्री साडेनऊला सुरू करतोय, मालकंस ठरलाय. खिडक्यांना आतून गाद्या बांधणार आहोत, त्यामुळे उकडेल, पातळ कपडे घालून या. शेजारच्या बिल्डिंगच्या सेक्रेटरींना पहिल्या रांगेतली सतरंजी राखून ठेवली आहे, आणि नियमाची छापील प्रत जिन्यात, चपलांच्या वरच चिकटवली आहे.