‘फुकटचं आहे म्हणून फुटलं’ म्हणणाऱ्यांसाठी

आज सकाळी आमच्या उद्योजकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाने ओपनव्हीपीएन, म्हणजे घरून ऑफिसच्या कॉम्प्युटरला सुरक्षित जोडून देणारं मोफत सॉफ्टवेअर, त्यातल्या दोषांची जुनी बातमी टाकली आणि खाली लिहिलं, ‘फुकटचं सॉफ्टवेअर वापरलं की हेच होणार. ओपन सोर्स म्हणजे बेवारस माल.’ त्याखाली अंगठ्यांची रांग. तिथे बोललो असतो तर शब्दाला शब्द वाढला असता, म्हणून इथे लिहितोय.

बेवारस? ओपन सोर्स म्हणजे ज्याचा कोड, प्रोग्रामचा मूळ मजकूर, कुणालाही वाचता येतो, एवढंच. २०२४ साली मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांना ओपनव्हीपीएनमध्ये चार दोष सापडले. ते एकापुढे एक वापरले तर विंडोज कॉम्प्युटरचा अख्खा ताबा मिळू शकत होता. त्यांनी ते आधी ओपनव्हीपीएनच्या मंडळींना कळवले. मार्चमध्ये २.५.१० आणि २.६.१० या दुरुस्त आवृत्त्या आल्या, आणि मायक्रोसॉफ्टने जाहीरपणे सविस्तर सांगितलं ते ऑगस्टमध्ये. बोभाटा होण्याआधी कित्येक महिने दुरुस्ती फुकट मिळत होती. ती घ्यायला कोण गेलं नाही, ते बोला.

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपमध्ये मी कॉम्प्युटरचं काम बघतो. अकाउंट्स सांभाळणाऱ्या ताई येळ्ळूरहून येतात. घरी लहान मूल आहे, म्हणून संध्याकाळची बिलं घरूनच टाकता यावीत यासाठी तिथे ओपनव्हीपीएन बसवलंय. लायसन्सला एक पैसा लागला नाही. ताईंच्या लॅपटॉपवर अजून २.४ ही जुनी आवृत्ती आहे. अपडेटचा विषय काढला की मालकांचं ठरलेलं उत्तर, ‘चाललंय न्हवं? मग हात कशाला लावालायस?’

एवढ्यावर थांबत नाही. नोकरी सोडून पुण्याला गेलेल्या एका पोराचं लॉगिन तिथे अजून चालू आहे. वरचे चार दोष वापरायचे तर चोराला आधी कुणाचं तरी लॉगिन हाती लागावं लागतं, आणि इथे गेलेल्या माणसाचं तसंच ठेवलंय! पोरगं सरळ आहे, त्याच्यावर संशय नाही. पण त्याचा जुना लॅपटॉप आज कुणाच्या हातात आहे, हे त्याला तरी ठाऊक असेल का? त्याच्या लॉगिनचं सर्टिफिकेट, म्हणजे आत यायचा डिजिटल पास, रद्द करणं पाच मिनिटांचं काम. पण मालक म्हणतात, ‘राहू दे, कधी लागलं तर?’ सर्व्हरवर ग्राहकांची ड्रॉइंग्ज आहेत, जीएसटीचे कागद आहेत, कामगारांच्या पगाराचा हिशेब आहे. कुणाच्या जिवावर हे ‘राहू दे’?

आणि विकत घेतलं म्हणजे निर्धास्त, हे कुणी सांगितलं? इव्हान्टी कंपनीची व्हीपीएनची, म्हणजे अशीच जोडणी करून देणारी, उपकरणं विकतचीच. जानेवारी २०२४ मध्ये त्यात असे दोष निघाले, की अमेरिकेच्या सायबर सुरक्षा संस्थेने तिथल्या सरकारी खात्यांना ती उपकरणं दोन दिवसांत नेटवर्कवरून काढायला लावली.

कबूल, कोड उघडा असला म्हणून तो कुणी वाचलेला असतोच असं नाही. हार्टब्लीड नावाचा दोष एप्रिल २०१४ मध्ये उघड झाला, तेव्हा तो ओपनएसएसएल या इंटरनेटवरचा मजकूर गुप्त ठेवणाऱ्या ओपन सोर्स सॉफ्टवेअरमध्ये दोन वर्षं बसून होता, आणि ओपनव्हीपीएन त्याच ओपनएसएसएलवर चालतं. एका मागणीला सर्व्हरच्या मेमरीतला ६४ केबीपर्यंतचा मजकूर बाहेर येई. त्यात पासवर्ड असू शकत होते, गुप्त चाव्याही. २०१७ मध्ये ओपनव्हीपीएनच्या दोन स्वतंत्र तपासण्या झाल्या, आणि त्यानंतरही गीडो व्रांकेन नावाच्या एका संशोधकाने प्रोग्रामला सतत वेडावाकडा डेटा भरवून आणखी चार दोष काढले. ते २.४.३ मध्ये दुरुस्त झाले.

पण कोड नीट वाचायला, तपासायला माणसं लागतात आणि माणसांना पोट असतं. हार्टब्लीडच्या आधी ओपनएसएसएलला वर्षाला देणग्या मिळायच्या साधारण दोन हजार डॉलर. म्हणजे तेव्हाच्या दराने सव्वा लाखाच्या आसपास. निम्मं जग ज्यावर चालतं त्याला आपल्या गल्लीतल्या गणपतीएवढी वर्गणी! हे वाचलं की राग येतो तो ओपनएसएसएल सांभाळणाऱ्या मूठभर लोकांचा नाही. फुकट ते पौष्टिक म्हणून वर्षानुवर्षं खायचं, आणि पोट दुखलं की वाढणाऱ्यालाच शिव्या द्यायच्या?

मालकांना मी वाईट म्हणत नाही. लॉकडाऊनमध्ये काम बंद असताना त्यांनी एकाही कामगाराला कामावरून काढलं नाही, पगार थांबवला नाही. आयटीसाठी वेगळा माणूस ठेवण्याची त्यांची ऐपत नाही, हेही खरं. पण स्पिंडलचं बेअरिंग आवाज करायला लागलं की रात्री अकरा वाजता फिटरला बोलावणारा माणूस हाच. व्हीपीएन आवाज करत नाही, एवढाच त्याचा गुन्हा. म्हणून मी पुन्हा पुन्हा विषय काढणार. त्या ताईंना संध्याकाळी मुलाजवळ बसून काम करता येतं, ते या ‘बेवारस’ सॉफ्टवेअरमुळेच. काही झालं तर मालक पहिल्यांदा ते बंद करतील आणि त्यांची संध्याकाळ जाईल.

मित्रहो, ऑफिसात ओपनव्हीपीएन असेल तर आज आवृत्ती बघा आणि सोडून गेलेल्यांची लॉगिन बंद करा. आवृत्तीचा नंबर मात्र इथे कमेंटमध्ये लिहू नका, तो कुणीही वाचेल. मला मेसेज करा. उद्यमबाग, माच्छे, खानापूर, कुठेही येतो. मला पैसे नकोत. जमेल तेवढी रक्कम तुम्ही वापरता त्या एखाद्या ओपन सोर्स प्रकल्पाला पाठवा.