उजनीचा गाळ आणि ‘हजारो पट विषा’चा हिशेब

गेले काही दिवस सोलापुरातील व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर फिरतो आहे. सोलापूरला पाणी पुरवणाऱ्या, भीमेवरील उजनी धरणाच्या गाळात तांबे, क्रोमियम, निकेल, शिसे हे जड धातू पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेपेक्षा हजारो पट आढळले आहेत. हे सारे पुण्याच्या कारखान्यांचे पाप आहे. तेच विष आपल्या नळाला येते, म्हणून पाणी उकळून प्यावे. आणि शेतकऱ्यांनी गाळ शेतात टाकणे ताबडतोब थांबवावे, असा त्याचा आशय आहे. त्याला उत्तर म्हणून काही जण ‘एका पुरात सगळे वाहून जाते, काळजी नको’ असेही पुढे पाठवतात. नदीच्या गाळातील धातू मोजणे हेच काम असल्यामुळे दोन्ही मजकूर मला दिवसाआड कोणीतरी पाठवतो आणि ‘खरे का?’ असे विचारतो. उत्तर एका शब्दात देता येत नाही, कारण मजकुरातील प्रत्येक विधान वेगळ्या प्रकारे चुकलेले आहे आणि एखाद्यात तथ्यही आहे.

सर्वांत मोठी चूक ‘हजारो पट’ या शब्दांत आहे. पाण्यातील धातू लिटरमागे मिलिग्रॅममध्ये मोजतात, तर गाळातील धातू कोरड्या गाळाच्या किलोमागे मिलिग्रॅममध्ये. पिण्याच्या पाण्यासाठीच्या २०१२ च्या भारतीय मानकात तांब्याची स्वीकारार्ह मर्यादा लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅम आहे. दुसरीकडे, सह्याद्रीपासून सोलापूरपर्यंत पसरलेल्या काळ्या पाषाणात, म्हणजे बेसाल्टमध्ये, किलोमागे १०० मिलिग्रॅमहून अधिक तांबे असणे ही नित्याची गोष्ट आहे. या १०० ला ०.०५ ने भागले की ‘२००० पट’ असे उत्तर येते. म्हणजे ज्या डोंगराने कारखान्याचा धूरही पाहिलेला नाही, त्याच्या माथ्यावरचा दगड फोडून चूर्ण केले, तरी या हिशेबाने ते दोन हजार पट विषारी ठरेल. गाळ कोणी पीत नाही आणि दगडही कोणी पीत नाही. गाळाची तुलना करायची तर ती गाळासाठी ठरवलेल्या मूल्यांशी किंवा त्याच खोऱ्यातील स्वच्छ गाळाशी करावी लागते.

‘स्वच्छ गाळ’ म्हणजे कोणता, हा यातला खरा वादाचा प्रश्न आहे, आणि ‘सगळे पुण्याहून आले’ या दुसऱ्या विधानाची परीक्षा तिथेच होते. जर्मन शास्त्रज्ञ म्युलर यांनी १९६९ मध्ये मांडलेला भू-संचय निर्देशांक, म्हणजे गाळात धातू मूळ प्रमाणापेक्षा किती वाढला हे सांगणारा आकडा, आजही सर्रास वापरला जातो. मोजलेल्या प्रमाणाला मूळ नैसर्गिक प्रमाणाच्या दीडपटीने भागायचे आणि आलेल्या संख्येचा २ या पायाचा लॉगरिदम घ्यायचा, इतकीच त्याची रीत आहे. उत्तर शून्याच्या खाली आले तर गाळ अप्रदूषित समजतात. घोळ होतो तो मूळ प्रमाण निवडताना. जगभरच्या शेल खडकाच्या, म्हणजे चिखल दाबून घट्ट झालेल्या खडकाच्या, सरासरीत तांबे किलोमागे सुमारे ४५ मिलिग्रॅम धरले जाते. समजा, एखाद्या नमुन्यात १५० मिलिग्रॅम तांबे निघाले. शेलची सरासरी धरली, तर निर्देशांक १ च्या वर जातो आणि गाळ ‘मध्यम प्रदूषित’ ठरतो. त्याच नमुन्यासाठी स्थानिक काळ्या मातीचे प्रमाण, उदाहरणार्थ १२०, धरले तर निर्देशांक उणे येतो. नमुना तोच, यंत्र तेच, आणि निष्कर्ष मात्र उलटा! दख्खनच्या पठारावरील तांबे, क्रोमियम आणि निकेल यांच्याबद्दलचे आकडे वाचताना हे आधी तपासावे.

शिशाची आणि कॅडमियमची गोष्ट मात्र वेगळी आहे. बेसाल्टमध्ये शिसे अगदी थोडे असते आणि कॅडमियम तर नावापुरते. त्यामुळे हे दोन धातू वरच्या थरात वाढलेले दिसले, तर बोट माणसाकडेच जाते. खडकावर ढकलून चालत नाही. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठा, पवना आणि इंद्रायणी यांच्यातून भीमेला आणि भीमेतून उजनीला मिळते, हे कोणी नाकारू शकत नाही. मजकुरात तथ्य असेल तर ते एवढेच, आणि नेमके तेच त्याने तांब्या-क्रोमियमच्या फुगवलेल्या आकड्यांखाली पुरून टाकले आहे. शिवाय बोट दाखवताना आपल्या चादरी-टॉवेलांच्या रंगकामाकडेही पाहावे लागेल. काही रंगांच्या रेणूतच क्रोमियम, कोबाल्ट किंवा तांबे असते. फिरोजी छटा देणाऱ्या कित्येक रंगांचा गाभा तांब्याचा असतो. दक्षिण सोलापुरातील कुडलला सीना आणि भीमा मिळतात, त्या संगमाच्या वर दोन्ही नद्यांचे आणि संगमाच्या खाली एकत्र प्रवाहाचे नमुने घेतले, तर कोणता वाटा कोणाचा, हे वादावादीपेक्षा लवकर कळेल.

मूळ प्रमाण शोधायला उजनीसारखी सोयीची जागा क्वचितच मिळते. धरण १९८० मध्ये पूर्ण झाले, त्यामुळे बुडालेल्या शेतांच्या काळ्या मातीवर जो गाळ साचला आहे, तो सारा धरणात पाणी साठू लागल्यानंतरचा. उन्हाळ्यात उजनी ‘मायनस’मध्ये, म्हणजे वापरण्याजोग्या साठ्याच्याही खाली, गेली आणि पळसदेवचे जुने मंदिर उघडे पडले की आसपासचा तळही उघडा पडतो. तिथे उभी नळी ठोकून काढलेल्या गाभ्यात वर धरणाचा गाळ आणि खाली जुनी शेतजमीन असे दोन्ही एकाच वेळी हाती येतात. तुलना अशी व्हायला हवी, आणि तीही सारख्या कणांची. धातू चिकणमातीच्या बारीक कणांना धरून राहतात. म्हणूनच अनेक प्रयोगशाळा ६३ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) चाळणीखालचा भागच तपासतात. पंढरपूरच्या वाळवंटातील वाळूशी उजनीच्या चिखलाची तुलना करून ‘चंद्रभागा शुद्ध, उजनी विषारी’ म्हणणे हा कणांच्या आकाराचा खेळ आहे.

तिसरे विधान नळाच्या पाण्याचे. गाळातील बराचसा धातू कणांच्या स्फटिकात, लोह-मँगनीजच्या ऑक्साइडांवर किंवा सेंद्रिय पदार्थांत अडकलेला असतो, आणि जलशुद्धीकरण केंद्रात तुरटीने कण खाली बसवून पाणी गाळले जाते, तेव्हा कणांना चिकटलेला धातू बराचसा तिथेच राहतो. चिंता करायची ती विरघळलेल्या धातूची. उन्हाळ्यात तळाच्या पाण्यातील प्राणवायू संपला की मँगनीज आणि लोहाची ऑक्साइडे विरघळतात व त्यांना चिकटलेले इतर धातू पाण्यात सुटू शकतात. म्हणून गाळाचा आकडा नळाला लावण्याऐवजी एप्रिल-मे महिन्यांत नळाचेच पाणी तपासावे आणि शिसे लिटरमागे ०.०१ व कॅडमियम ०.००३ मिलिग्रॅम या मर्यादांशी ताडून पाहावे.

उकळण्याचा सल्ला तर उलटाच आहे. उकळल्याने जंतू मरतात, पण धातू जागच्या जागी राहतात आणि पाणी मात्र वाफ होऊन उडते. लिटरमागे ०.००८ मिलिग्रॅम शिसे असलेले पाणी एका लिटरचे ८०० मिलिलिटर होईपर्यंत उकळले, तर ते बरोबर ०.०१ च्या मर्यादेवर जाऊन पोहोचते. शेजारच्या काकूंना हे सांगितले, तेव्हा त्यांनी लगेच विचारले, “मग आता उकळायचं बंद करू का?” अजिबात नाही. कावीळ आणि जुलाब हे संकट सोलापूरकरांना जास्त जवळचे आहे. त्यासाठी पाणी उकळावे, पण धातूंवर तो उपाय आहे असे समजू नये.

गाळ शेतात टाकण्याबद्दल थोडक्यात सांगतो. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही राज्य सरकारची योजना २०१७ पासून आहे. गावच्या पाझर तलावाच्या पाणलोटात कारखाना वा शहराचे सांडपाणी नसेल, तर त्याचा गाळ म्हणजे आपल्याच शेतांतून वाहून गेलेली माती. तिला घाबरण्याचे कारण नाही. शहरी सांडपाणी मिळणाऱ्या जागेचा गाळ मात्र आधी तपासावा, आणि तपासताना केवळ एकूण धातू न पाहता पिकाला उपलब्ध होणारा भागही पाहावा. टेसिए हे शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये दिलेली पाच टप्प्यांची पद्धत त्यासाठीच आहे. आपली जमीन चुनखडीयुक्त आणि विम्लधर्मी असल्यामुळे बहुतेक धातू तिच्यात जखडून राहतात. कॅडमियम त्या मानाने सैल सुटतो.

राहिला दिलासा देणारा मजकूर. सेंद्रिय घाण कुजते, पण शिसे कुजत नाही. पूर गाळ उचलतो हे खरे, परंतु धरणाच्या संथ पाण्यात पोहोचल्यावर तो पुन्हा तळाशी बसवतो. ‘वाहून गेले’ असे पुण्यातल्या माणसाने म्हटले तर एक वेळ समजू शकते. उजनीचे पाणी पिणाऱ्या सोलापूरकराने ते कोणत्या हिशेबाने म्हणावे?