दहाव्या दिवसाचं दूध आणि लूपची व्याख्या: एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेच्या सरावांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही एवढं सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही ऐसपैस देतो. ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी सरांचं म्हणणं थोडक्यात असं. मी नवशिक्या पोरांना दुधाचं बिल आणि केएमटीच्या (कोल्हापूरच्या शहर बसच्या) तिकिटाचे हिशेब करायला बसवतो, त्याला प्रोग्रॅमिंग म्हणत नाहीत, ते पाढे गिरवणं झालं. आधी मेमरी, डेटा टाइप (आकडा की मजकूर, ते), अल्गोरिदम (सोडवायच्या पायऱ्या) डोक्यात बसावं, तेही सी या भाषेतून. ‘आधी जोर-बैठका, मग कुस्ती.’ सरांनी पॉलिटेक्निकमध्ये अनेक वर्षं सी शिकवलंय, त्यामुळे हे हवेतलं बोलणं नाही. पुरावा म्हणून त्यांनी अकरावीतल्या नातीचं उदाहरण दिलंय. तिने माझे लूपपर्यंतचे (एकच काम फेऱ्याफेऱ्यांनी करून घेण्यापर्यंतचे) सगळे सराव सोडवले, पण ‘लूप म्हणजे काय?’ असं विचारल्यावर तिला सांगता येईना. आणि जाता जाता एक टोला: आता एआय कोड लिहून देतंय, मग हा खटाटोप कशाला?

नातीपासूनच सुरुवात करतो.

व्याख्या आली नाही म्हणून तिला लूप येत नाही, असं मी म्हणणार नाही. सराव सुटले म्हणून येतं, असंही म्हणणार नाही. तिला एक वेगळा प्रश्न घालून बघा. दूध संस्थेत दूध घालणाऱ्याला दहा दिवसांनी बिल मिळतं, हे आपल्या जिल्ह्यात शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. समजा म्हशीचं दूध रोज ८ लिटर जातंय. १ ते १० तारखेपर्यंतचे लिटर मोजायचे. प्रोग्रॅमला हात लावायच्या आधी उत्तर कागदावर लिहायचं: ८०. मग लूप लिहायचं. नवशिका हमखास रेंजमध्ये (कुठून कुठवर मोजायचं ते सांगणाऱ्या आज्ञेत) एक आणि दहा हे दोन आकडे घालतो आणि रन करतो. उत्तर येतं ७२.

एरर नाही, लाल अक्षरं नाहीत, सगळं सुरळीत. फक्त दहाव्या दिवसाचं दूध बिलातून गायब. पायथॉनची रेंज शेवटचा आकडा धरत नाही, नवावरच थांबते. कागदावर ८० लिहिलेलं नसतं तर ७२ कुणाच्या डोळ्यांना खुपलंही नसतं. हा प्रश्न नातीला घाला आणि ८ लिटर कुठे गेले ते शोधायला सांगा. ती प्रत्येक फेरीला तारखेचा आकडा छापून बघेल, नऊ ओळी मोजेल आणि लूप नेमकं काय करतं ते स्वतःच्या शब्दांत सांगेल. त्या वाक्याला व्याख्या म्हणायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.

माझ्या लेखी सराव म्हणजे एवढंच: उत्तर आधी सांगायचं, मग मशीनला विचारायचं, आणि दोन्ही जुळली नाहीत तर का, ते शोधून काढल्याशिवाय उठायचं नाही. लेखात प्रत्येक सरावाच्या आधी ‘कागदावर अंदाज लिहा’ असं आहेच, पण वाचकांना तो भाग गाळायची फार हौस. तुमच्या नातीनेही गाळला असणार, या वयात सगळ्यांचं बोट आधी रनवर जातं. अंदाज वजा केला की मात्र तुमचं म्हणणं खरं ठरतं. उरतं ते गिरवणंच.

आता गिरवण्याचा विषय निघालाच आहे तर कॉलेजच्या जर्नलबद्दल बोलू. एम (म्हणजे उद्देश), अल्गोरिदम, फ्लोचार्ट, कोड, आउटपुट, खाली सही. निम्म्या वर्गाचं आउटपुट शेजारच्याच्या वहीतून येतं, प्रोग्रॅम एकदाही न चालवता. चांदण्यांचे (* या चिन्हाचे) त्रिकोण छापायचे ते प्रोग्रॅम तर मला बघवत नाहीत. ते आले काय, न आले काय, पोराला विचारायला एक प्रश्न सुचत नाही. तुमचा राग या प्रकारावर असेल तर मी तुमच्याच बाजूला उभा आहे.

राहिला थिअरीचा क्रम. दुसरा सराव आठवा. सकाळचे लिटर आणि संध्याकाळचे लिटर इनपुटने (टाइप केलेलं घेणाऱ्या आज्ञेने) घ्यायचे आणि बेरीज छापायची. पोरगं ५ आणि ७ देतं, कागदावर १२ लिहितं, स्क्रीनवर येतं ५७. पायथॉन ३ मध्ये इनपुट जे देतं तो मजकूर असतो, आणि दोन मजकुरांमध्ये अधिकचं चिन्ह टाकलं की ते एकमेकांना चिकटतात. डेटा टाइप शिकवायला याहून चांगला मुहूर्त मला माहीत नाही. हेच लेक्चर पहिल्या दिवशी दिलं तर वर्ग ‘इंटिजर, फ्लोट, स्ट्रिंग’ असं लिहून घेतो आणि पान उलटतो. (झेरॉक्सच्या दुकानात अजून पायथॉन २ च्या नोट्स मिळतात. त्यातलं इनपुट वेगळं वागायचं, थेट १२ द्यायचं. त्या नोट्स घेऊन बसलेल्यांचा गोंधळ होतो तो यामुळे. पायथॉन २ चा सांभाळ १ जानेवारी २०२० पासून बंद आहे, त्या नोट्स रद्दीत घाला.)

त्याच्या पुढची पायरी पैशांची. पायथॉनला ०.१ अधिक ०.२ विचारा, उत्तर येतं ०.३०००००००००००००००४. पोरं आधी हसतात, मग मशीन बिघडलंय म्हणतात. एकाचे तीन समान भाग दशांशात पुरे लिहिता येत नाहीत, ०.३३३ असं लांबतच जातं. मशीन ० आणि १ या दोनच अंकांत मोजतं आणि तिथे एक दशांशाची तीच गत होते, म्हणून ते जवळचा आकडा धरून चालतं. हे कळलं की बिलाची रक्कम रुपयांच्या अपूर्णांकात न ठेवता पैशांच्या पूर्णांकात का ठेवायची, ते सांगावं लागत नाही. राउंडचंही (अपूर्णांक जवळच्या पूर्णांकावर नेणाऱ्या आज्ञेचंही) तसंच: २.५ दिले तर २ येतात, ३.५ दिले तर ४ येतात. पायथॉन बरोब्बर मधल्या आकड्याला सम संख्येकडे ढकलतं. संस्थेच्या सचिवाला हा नियम चालेल का, हा प्रश्न वर्गातल्या पोरीनेच काढला होता. ही सगळी तुमचीच थिअरी आहे, सर. मी ती टाळत नाही, प्रश्न पडल्यावर सांगतो.

एक मुद्दा मात्र तुमचा पक्का आहे. कोऱ्या स्क्रीनसमोर नवख्याला बसवून ‘कर’ म्हणणं चूकच. १९८५ मध्ये स्वेलर आणि कूपर या शिक्षणाच्या अभ्यासकांनी बीजगणित शिकणाऱ्यांवर प्रयोग केले होते. ज्यांना सोडवलेली उदाहरणं अभ्यासायला मिळाली ते, नुसती गणितं सोडवत बसलेल्यांपेक्षा, तशाच प्रकारची पुढची गणितं कमी वेळात आणि कमी चुका करत सोडवू शकले. म्हणून माझे पहिले सराव ‘लिहा’ असे नसतात. पुरा चालणारा प्रोग्रॅम असतो आणि काय छापेल ते सांगायचं असतं. नंतर एक ओळ काढलेली असते. नंतर ओळींची अदलाबदल केलेली असते, त्या क्रमाने लावायच्या. ही शेवटची युक्ती पार्सन्स आणि हेडन यांनी २००६ मध्ये मांडली, आणि पायथॉनला ती चांगली लागू पडते, कारण ओळ किती आत सरकवायची तेही ठरवावं लागतं. पण सोडवलेलं उदाहरण वाचणं वेगळं आणि मेमरीवरचं तासभराचं व्याख्यान ऐकणं वेगळं. स्वेलरांच्या प्रयोगातून पहिल्याची बाजू निघते, दुसऱ्याची नाही.

सीबद्दल माझं भांडण नाही. पण ज्यांनी सीवरचं मूळ पुस्तक १९७८ मध्ये लिहिलं त्या कर्निगन आणि रिची यांनी पहिल्याच प्रकरणात सांगून ठेवलंय की नवी भाषा शिकायची तर तिच्यात प्रोग्रॅम लिहायचे, दुसरा रस्ता नाही. रिची तर सीचे जनकच. आणि जोर-बैठकांचं म्हणाल तर त्या अंगानेच मारायच्या असतात. कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीत कुणी पोराला दोन महिने डावांची यादी पाठ करायला बसवत नाही.

एआयबद्दल फार लिहीत नाही. दहा दिवसांची बेरीज त्याला सांगितली तर बहुतेक वेळा रेंज बरोबर लिहून देईल. पण महिन्याचं तिसरं बिल २१ तारखेपासून अखेरपर्यंतचं असेल तर ते ३१ च्या महिन्यात ११ दिवसांचं होतं आणि फेब्रुवारीत ८ किंवा ९ दिवसांचं. हे त्याला कोण सांगणार? आणि नाही सांगितलं तर आलेलं उत्तर चुकलंय हे कोण ओळखणार? ज्याने ७२ वर डोकं खाजवलंय त्याला तरी तो प्रश्न सुचेल.

नातीसाठी पुढचा सराव देतो. दहा दिवसांच्या, सकाळ-संध्याकाळच्या वीस नोंदी घ्या: लिटर आणि फॅट. फॅटवरून दर काढायचा, पशुखाद्याची कपात वजा करायची, हातात येणारी रक्कम छापायची. एका नोंदीत फॅटची जागा मुद्दाम कोरी ठेवा. प्रोग्रॅमने ती नोंद सोडायची, आदल्या वेळेचा फॅट धरायचा, की थांबून विचारायचं, ते तिनेच ठरवायचं आणि का ते एका ओळीत लिहायचं. दोन-तीन दिवस लागतील, लागू देत.

तो पुरा झाला की तिला सी खुशाल शिकवा, आणि सुरुवात याच बिलापासून करा. वीस नोंदींची यादी घेऊन एकविसावी वाचायला सांगा. पायथॉन इंडेक्स एरर देऊन तिथल्या तिथे थांबेल. सी बहुधा कुठला तरी भलताच आकडा हातावर ठेवेल आणि पुढे जाईल. हा आकडा आला कुठून, असं ती विचारेलच. मेमरीचं लेक्चर तेव्हा तुम्हीच घ्या, माझ्यापेक्षा तुम्ही ते चांगलं घ्याल.